अजिनाथमामा लांब का पळाले?

"या लसणालासुद्धा आजच हट्टाला पेटायचं होतं."

शकिला हे लसणाला म्हणाली, पण तिच्या पाठीला पाठ टेकून बसलेल्या मेहरीनला ते ऐकू गेलं. तिने वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं की अम्मी हसायची, आणि ते हसू पाहण्यापेक्षा तिची पाठ बरी, एवढं मेहरीनला गेल्या काही दिवसांत समजलं होतं.

शकिलाच्या उजव्या हाताला पट्टी होती. पट्टीत तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दसरा झाल्यावर लगेचच, कल्याणशेठच्या पॅकहाऊसमध्ये, डाळिंबाच्या मशीनवर गेलं. तेव्हापासून शकिला डाव्या हाताने सगळं नव्याने शिकत होती. वेणी घालणं, पीठ मळणं, लसूण सोलणं. लसूण सगळ्यात अवघड होता.

"मी सोलते ना, अम्मी."

"नको. तू शाळेत गेलीस की मग कोन सोलनार?"

"दिवाळीची सुट्टी आहे."

"मग जा की भटकायला. पार्थ आलता मगाशी हाका मारत. त्याची कोन पाव्हनी आलीय म्हनं केडगावची."

मेहरीन उठली नाही. काल याच अंगणात कल्याणशेठ येऊन बसला होता. सोबत मिठाईचा डबा होता. चहा पिता पिता तो अब्बूंशी, म्हणजे चांदभाईंशी, पावसाबद्दल बोलला, टेम्पोच्या टायरबद्दल बोलला आणि शेवटी मुद्द्यावर आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक बाई मशीन बघायला येणार होत्या. मशीनमध्ये खोट निघाली तर पॅकहाऊसला कुलूप लागलं असतं आणि राहात्याच्या आसपासच्या कितीतरी बायकांची रोजी बुडाली असती. शकिलाने एवढंच सांगायचं होतं, की मशीन बंद करायचं लाल बटण दाबायचं तिला सुचलं नाही. घाबरली. माणूस घाबरतंच. पॅकहाऊसचा माल चांदभाईच्याच टेम्पोतून जाईल, याची काळजी नको.

अब्बू कपातल्या चहाकडे बघत राहिले. अम्मी म्हणाली, "बरं."

पण दुपारी औषधाच्या गुंगीत पडल्यावर तीच अम्मी पुटपुटत होती, आणि मेहरीनने कान जवळ नेऊन ऐकलं होतं. "दाबलं हुतं. दाबलं हुतं मी."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला, जीशानला, तर मुळीच नाही. जीशानला सांगणं म्हणजे देवळाच्या भोंग्यावरून सांगणं.

*

केडगावची पाहुणी म्हणजे राजेश्वरी, पार्थची मावसबहीण. वय बारा, आणि बोलणं असं की जणू केडगाव हे जगाचं मुख्य ठाणं असून बाकी सगळी त्याच्या वाटेवरची गावं आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पार्थला पॅकहाऊसमध्ये झेंडूची तोरणं लावायचं काम होतं. त्याने मदतीला तिला घेतलं, जीशान न बोलावता आला आणि जीशानला शोधत मेहरीन आली. दारात ती थबकली. अपघातानंतर ती पहिल्यांदाच इथे येत होती.

"तुला नको असेल तर बाहेर बस," पार्थ म्हणाला. पार्थ, कल्याणशेठचा मुलगा, तिच्याच वर्गात होता, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना बुटांकडे बघायला शिकला होता.

"येते," मेहरीन म्हणाली.

मशीन बंद होतं. बंद असतानाही ते पत्र्याच्या त्या लांब शेडमध्ये झोपलेल्या जनावरासारखं वाटत होतं. पार्थला त्याचा फार अभिमान होता, आणि राजेश्वरीला काहीतरी माहीत नाही ही संधी रोज मिळत नव्हती. तो सांगत सुटला. इकडच्या तोंडाला डाळिंबांचे कॅरेट ओतायचे. फळं पट्ट्यावरून पुढे सरकतात, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका तडकलेली, डागाळलेली काढून टाकतात. मग फिरते रोलर. मग ब्रश. मग ही काळी पेटी, हिच्यात कॅमेरे. फळ गोल फिरत जातं आणि त्याचे सगळीकडून फोटो निघतात. पुढे प्रत्येक डाळिंबाला स्वतंत्र वाटी, वाटी धावता धावताच त्याचं वजन होतं, आणि बरोबर ज्या कप्प्यात जायला हवं तिथेच वाटी कलंडते.

"तू एक पापणी लवव," पार्थ म्हणाला. "तेवढ्यात आठ-दहा डाळिंबं पुढे गेलेली असतात."

"माझ्या पापण्या फास्ट आहेत," राजेश्वरी म्हणाली.

"केडगावच्या आहेत ना," जीशान म्हणाला.

मेहरीन त्यांच्याकडे बघत नव्हती. पट्टा संपून रोलर सुरू होतात तिथे ती उभी होती. तिथेच अम्मी उभी राहायची. समोर, हात लांब केला की पोचेल अशा जागी, पिवळ्या डबीवर कुत्र्याच्या छत्रीसारखं लाल बटण होतं.

राजेश्वरीला काय झालं होतं ते पुरतं माहीत नव्हतं. पार्थने हळू आवाजात सांगितलं. एका डाळिंबाचा देठ रोलरमध्ये अडकला, शकिलामावशी तो काढायला गेली आणि बाही आत ओढली गेली. ती ओरडली. अजिनाथमामा, जे मशीन चालवतात, ते इथेच उभे होते, या खांबापाशी. ते असे सुसाट धावले, शेडच्या त्या टोकाला, भिंतीवरच्या पॅनलपर्यंत, आणि मेन स्विच पाडला. तेवढ्या वेगाने धावले नसते तर हात कोपरापर्यंत गेला असता. सगळं गाव त्यांच्या धावण्याचं कौतुक करत होतं.

राजेश्वरीने खांबाकडे पाहिलं. मग लाल बटणाकडे. मग लांबच्या भिंतीकडे.

"पण ते तिकडे का पळाले?"

"म्हणजे?"

"इथे उभे होते ना? बटण तर हे इथे आहे. हे सोडून ते तेवढ्या लांब का पळाले?"

शेडमध्ये कबुतरं घुमत होती. इतके दिवस सगळ्यांनी ती गोष्ट सांगितली होती, सगळ्यांनी ऐकली होती, आणि हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. की पडला होता?

"बिघडलं असेल बटण," पार्थ म्हणाला आणि पुढे होऊन त्याने ते दाबलं. टक. बटण आत गेलं. फिरवल्यावर पुन्हा वर आलं. "चांगलं तर आहे."

जीशान तोवर मशीनखाली शिरला होता. मशीनचा मेन स्विच पडलेला आहे ना, हे मेहरीनने स्वतः जाऊन पाहिलं आणि मगच त्याला आत राहू दिलं. खाली डाळिंबाचा रस सांडून सांडून गुळासारखा चिकट थर झाला होता. त्या चिकट्यातून जीशानने काहीतरी खरवडून काढलं आणि हात बाहेर दिला. लाल-पिवळ्या दोऱ्याचे तुकडे होते. पूजेचा असतो तसला जाड दोरा. टोकं ब्लेडने कापल्यासारखी सरळ.

"दसऱ्याचा असेल," पार्थ म्हणाला. "खंडेनवमीला आई मशीनची पूजा करते. हार, कुंकू, नारळ."

"हार, कुंकू, नारळ," राजेश्वरी म्हणाली. "मग दोरा कुणाचा?"

*

तेवढ्यात अजिनाथ आला. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, कायम खिशात पाना असलेला माणूस. पूजेआधी मशीनला तेलपाणी करून थोडा वेळ रिकामंच फिरवायचं होतं. मेहरीनला बघून तो थांबला, आईचा हात कसा आहे असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पॅनलकडे गेला. जाताना पोरांना बजावलं, की तोरणं लावायची तर मागच्या बाजूला लावा, मशीनजवळ फिरकू नका.

मशीन सुरू झालं. रिकाम्या वाट्यांचा आवाज टीनच्या छपरावर पडणाऱ्या गारांसारखा सगळीकडे भरून राहिला. मुलं मागे गेली. तिथे रिकाम्या कॅरेटची छपराला टेकेल अशी थप्पी होती, आणि तोरण बांधायला जागा शोधता शोधता जीशानला थप्पीच्या मागच्या फटीत तसलीच एक पिवळी डबी दिसली.

"इथं पण लाल बटण आहे," तो ओरडला. त्याचं ओरडणं मशीनच्या आवाजात विरून गेलं, हे नशीबच.

फटीतून एकेक जण आत सरकलं. बटणाच्या छत्रीखाली, मानेभोवती, लाल-पिवळा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. वेढ्यावर वेढा, मफलरसारखा. वर कुंकवाचं बोट ओढलं होतं.

राजेश्वरीने तळहाताने बटण दाबलं. काही झालं नाही. तिने दोन्ही हात लावले, पाय टेकवून जोर केला. मशीन चालूच होतं.

"सरक," पार्थ म्हणाला. त्याने सगळं अंग टाकलं. छत्री दोऱ्यावर टेकून राहिली, खाली जाईना. वाट्या धावत होत्या.

मग त्याने मेहरीनकडे पाहिलं आणि बाजूला झाला. मेहरीनने हात पुढे केला. तिने दाबलं नाही. नुसता डावा तळवा बटणावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. अम्मीचा उजवा हात आत होता. म्हणजे तिने डाव्यानेच दाबलं असणार. असंच. याच आवाजात.

"ए पोरांनो. तिकडं काय करताय?"

मशीन थांबलं होतं. अजिनाथ पॅनलपासून निघाला होता. चौघं बाहेर आली आणि पार्थने कॅरेट पुन्हा फटीपुढे ओढलं. अजिनाथची नजर त्या कॅरेटवर गेली. मग मुलांच्या तोंडांवर. त्याचा हात खिशाकडे गेला.

बोलली ती राजेश्वरी. "लक्ष्मीची जागा बघतोय, मामा. मावशी म्हणाली, यंदा लक्ष्मी इथे मांडायची. ईशान्य कोपरा आहे ना हा."

राजेश्वरीला ईशान्य कुठे असते हे माहीत नव्हतं. पण तिने असं ठामपणे बोट दाखवलं, की सूर्यालाही आपण कुठून उगवतो याची शंका आली असती.

खिशातून पाना काढत अजिनाथ मशीनकडे वळला आणि तेवढ्या वेळात राजेश्वरी घराकडे धावत सुटली होती, कारण मावशीला हे अजून सांगायचं राहिलं होतं.

*

पार्थची आई रेश्मा ही भाबडी बाई नव्हती. पण पाहुण्या भाचीने सणाच्या दिवशी लक्ष्मीच्या मांडणीत एवढं मन घालावं, याचं तिला अप्रूप वाटलं. दिवेलागणीला कॅरेटच्या थप्पीपुढे चौरंग आला. रांगोळी आली, पणत्या आल्या, लाह्या-बत्ताशे आले. कल्याणशेठ टोपी घालून बसला. बायका ओळीने उभ्या राहिल्या. अजिनाथ हातात पेढा धरून थप्पीकडे बघत होता, आणि त्याने तो पेढा शेवटपर्यंत खाल्ला नाही, हे जीशानने नीट पाहिलं. पेढ्यांच्या बाबतीत जीशानची नजर चुकत नसे.

पाडव्याला सकाळी अजिनाथ मागचे कॅरेट धुवायला न्यायचे म्हणून आला. रेश्माने त्याला परत पाठवलं. उत्तरपूजा झाल्याशिवाय तिथली काडी हलवायची नाही, भाऊबीज होऊ दे.

"बघितलंस?" मेहरीन राजेश्वरीला म्हणाली. दोघी बांधावर बसल्या होत्या. "पूजेचं म्हटलं की कोणी हात लावत नाही. ज्यांनी दोरा बांधला त्यांनीही हेच केलं. नुसता दोरा असता तर कुणीतरी सोडला असता. म्हणून वर कुंकू लावलं."

पार्थ थोडा लांब उभा होता. तो एकदम म्हणाला, "पप्पांना माहीत असेल असं वाटतं का तुला?"

"मला काय माहीत."

"ते माझे पप्पा आहेत, मेहरीन."

"आणि ती माझी अम्मी आहे."

पार्थ खाली बघत गेला. तो पुढे काय करणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नसावं.

त्या दिवशी मेहरीनने लसूण सोलणाऱ्या अम्मीला सरळ विचारलं, की बटणावर दोरा होता का.

शकिलाचा हात थांबला. "हुता की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला गेलो तवापासून. कडूबाई म्हनली, पूजेचा हाय."

"मग तू काढला का नाहीस?"

"मी कशी काढू, बेटा? कुनाच्या पूजेचा दोरा मी तोडायचा? उद्या काय झालं तर म्हनतील, शकिलानं तोडला." तिने पाकळी ताटात टाकली. "आन मला काय म्हाईत, त्यानं बटन अडतं म्हनून. मला वाटलं, माझ्याच डाव्या हातात जोर न्हाई."

इतके दिवस तिला हेच वाटत होतं. मेहरीनला आता रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. राग आला, आणि तो रडण्यापेक्षा जड होता.

"तू त्या बाईंना हे सांग."

"न्हाई." शकिला आवाज न चढवता म्हणाली. "तुझ्या अब्बूचा टेम्पो हाय. बायकांची रोजी हाय. बोटं काय परत यायची न्हाईत. आन तू बी मधी पडायचं न्हाई."

मेहरीनने ताटाजवळचा एक लसूण उचलला आणि सोलायला घेतला.

भाऊबीजेला ती जीशानला घेऊन कडूबाईकडे गेली. कडूबाई पट्ट्यावर शकिलाच्या अगदी शेजारी उभी राहायची. वर्षानुवर्षं दोघींचा जेवणाचा डबा एकच होता, भाकरी हिची आणि कालवण तिचं. पण अपघातानंतर कडूबाई एकदाही घरी आली नव्हती.

तिने मुलांना करंज्या दिल्या. पाणी दिलं. शेळीची चौकशी केली, शाळेची केली. शकिलाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"तुम्ही आमच्याकडे का येत नाही?" जीशानने करंजी खात विचारलं. जीशानला वळसे घेता येत नसत.

"सवड न्हाई रं, बाळा."

"त्या दिवशी तुम्ही शेजारीच होतात ना, मावशी?" मेहरीन म्हणाली. "तुम्ही काय पाहिलंत?"

कडूबाईने चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. "माझी नजर फळावर असती, बाई. पट्टा पळत असतो. इकडंतिकडं बघाय कुठं होतंय." मग तिने उठून डब्यात करंज्या भरल्या, झाकण लावलं आणि डबा मेहरीनकडे दिला. "अम्मीला दे. तिला म्हनावं…" ती थांबली. "काय न्हाई. नुसता डबा दे."

*

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून जीशान चौरंगापुढे मांडी घालून बसला होता. अजिनाथ खिशातला हात खिशातच ठेवून दोनदा आला. दोन्ही वेळा जीशानने त्याला लाह्या देऊ केल्या आणि सांगितलं, की राजेश्वरीताई उत्तरपूजेची फुलं आणायला गेलीय, ती येईपर्यंत आपण राखण करतोय. राजेश्वरी फुलं आणायला खरोखरच गेली होती. फक्त ती निरीक्षक बाईंची जीप फाटकात दिसेपर्यंत परत येणार नव्हती.

निरीक्षक बाई उंच होत्या, कपाळाला आठ्या होत्या, आणि चहा नको म्हणाल्या. कल्याणशेठला ते आवडलं नाही. बायका ओळीने भिंतीशी उभ्या राहिल्या. शकिला आणि चांदभाई दाराशी. शकिलाने पट्टीचा हात पदराखाली घेतला होता.

मशीन सुरू केलं. कल्याणशेठने स्वतः पुढचं लाल बटण दाबलं. टक. वाट्या जागच्या जागी थांबल्या.

"बघा, मॅडम. बटण एकदम टकाटक. हाताशी आहे. दाबलं असतं तर मशीन थांबलंच असतं. पण बाईमाणूस, घाबरली. आम्ही तिला दोष देत नाही."

निरीक्षक बाईंनी पुन्हा मशीन सुरू करायला सांगितलं, स्वतः बटण दाबून पाहिलं. थांबलं. त्यांनी शकिलाला जवळ बोलावलं.

"तुम्ही बटण दाबलं होतं का?"

मशीनचा आवाज नव्हता, तरी शकिलाचं बोलणं ऐकू येईना. मेहरीनने अब्बूंकडे पाहिलं. अब्बू जमिनीकडे बघत होते. अम्मीचे ओठ हलले. मेहरीन बोलायला पुढे झाली, आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला.

"मॅडम, मागे अजून एक बटण आहे. ते दाबून बघा."

पार्थ होता. त्याने वडिलांकडे बघायचं टाळलं आणि सरळ चौरंगाकडे गेला. जीशानने पटकन समई बाजूला घेतली. राजेश्वरी फुलांची परडी सांभाळत आत आली, ती परडी तिने तिथेच ठेवली आणि थप्पीचं पहिलं कॅरेट ओढलं. दुसरं मेहरीनने. मागची भिंत उघडी पडत गेली आणि रांगोळी त्यांच्या पायांखाली पुसत गेली. रेश्मा काही बोलायला म्हणून पुढे आली होती, ती बटण दिसताच थांबली.

"मशीन चालू करा," निरीक्षक बाई म्हणाल्या.

अजिनाथ हलला नाही. कल्याणशेठनेच शेवटी पॅनलवरचा स्विच टाकला. निरीक्षक बाईंनी अंगठ्याने बटण दाबलं. मग तळहाताने. मग दोन्ही हातांनी. वाट्या खडखडत पळत होत्या, रिकाम्या, एकेक करून कप्प्यांपाशी कलंडत, आणि इतकी माणसं त्यांच्याकडे बघत असतानाही त्या थांबत नव्हत्या.

जीशानने खिशातून चिकट दोऱ्याचे तुकडे काढून बाईंच्या हातावर ठेवले. पुढच्या बटणाखाली सापडले, एवढंच तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे काही बोलला नाही.

मशीन बंद झालं. कल्याणशेठ हसला. बायकांचं काय असतं मॅडम, तो म्हणाला, पूजा म्हटली की दोरे बांधणार. श्रद्धेचा विषय. आपण काय बोलणार.

"पूजा मी केली होती." रेश्मा नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. दोरा मी बांधला नाही."

मग सगळ्यांनी अजिनाथकडे पाहिलं. त्याने खिशातून हात काढला. हातात ब्लेड होतं. ते त्याने मशीनवर ठेवलं.

तो अडखळत बोलला. बायकांचे कोपर लागायचे बटणाला. मशीन मध्येच थांबायचं, वाट्यांमधली फळं भलत्याच कप्प्यात पडायची, एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्यात मिसळायचा. रोज भांडणं. एकाने तर त्याची कॉलर धरली होती. म्हणून नवमीच्या पूजेनंतर त्याने दोरा गुंडाळला. वर कुंकू लावलं, म्हणजे कुणी सोडणार नाही. शेठला दाखवलं. शेठ म्हणाले, भारी डोकं चालवलंस. अपघाताच्या संध्याकाळी पुढचा दोरा त्यानेच कापला. मागचा राहून गेला.

"मला म्हाईत हुतं बटन चालनार न्हाई," तो म्हणाला. "म्हनून तर पॅनलकडं पळालो."

राजेश्वरीने मेहरीनचा हात धरला. आपला प्रश्न बरोबर होता याचा तिला जो आनंद व्हायला हवा होता, तो कुठेच सापडत नव्हता.

निरीक्षक बाईंनी मुलांना विचारलं, की थप्पी हलू नये म्हणून तिच्यापुढे चौरंग मांडायची युक्ती कुणाची. राजेश्वरीने सांगितलं, चौघांची. बाईंनी चौघांकडे एकेक करून बघितलं आणि शाबास म्हणाल्या. मोठ्यांना सुचायला हवं होतं ते तुम्ही केलंत, म्हणाल्या. रेश्माने पार्थच्या डोक्यावर हात ठेवला. पार्थ रडत होता, आणि कुणी त्याला रडू नको म्हणालं नाही.

मग बाई पुन्हा शकिलाकडे वळल्या. त्यांचा आवाज आता मऊ होता, पण प्रश्न तोच होता. दोरा होता हे कळलं. बटण चालत नव्हतं हेही कळलं. पण शेठ म्हणतात, तुम्ही ते दाबलंच नाही. तुम्ही दाबलं होतं का? आणि दाबलं असेल, तर ते कुणी पाहिलं का?

शकिलाने पदराखालून हात काढला. "दाबलं हुतं," ती म्हणाली. कुणी पाहिलं का, याचं उत्तर तिने दिलं नाही. तिने भिंतीकडे बघितलंही नाही.

भिंतीशी सगळ्या बायका उभ्या होत्या. त्या दिवशीही याच सगळ्या होत्या. कुणी पदराचं टोक चिमटीत धरलं, कुणी छताकडे बघितलं. कबुतरं घुमत राहिली.

ओळीतून कडूबाई बाहेर आली. ती हळूहळू चालत पट्ट्यापाशी गेली आणि आपल्या नेहमीच्या जागी, शकिलाच्या जागेच्या शेजारी, जाऊन उभी राहिली. तिथून तिने निरीक्षक बाईंकडे नाही, शकिलाकडे पाहिलं.

"म्या पाहिलं," ती म्हणाली. "तिनं बटन दाबलं. एकदा न्हाई, पुन्नापुन्ना दाबलं. माझ्याकडं बघत दाबत हुती."